माळावर गाजर गवत किती? चौकट टाकून मोजा

गाजर गवत माजलंय, हे डोळ्यांना दिसतंच. पण उपटून किंवा त्याची पानं खाणारे मेक्सिकन भुंगे सोडून ते खरंच कमी झालं का, हे सांगायला आकडा लागतो. अख्ख्या माळावरचं रोप न् रोप मोजणं कुणालाच शक्य नाही, म्हणून नमुना घ्यायचा.

बांबूच्या चार काठ्या बांधून आतून एक मीटर बाजूची चौकट करा. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क हवाच. या झाडाने अंगाला पुरळ येतं, परागकणांनी दम लागतो.

जागा टेपने मोजा. समजा ती ५० बाय ४० मीटर, म्हणजे २,००० चौरस मीटर आहे. आता चौकट कुठे टाकायची? सगळं काम इथेच बिघडतं. नजर दाट हिरव्या पट्ट्याकडे जाते, पाय मोकळ्या वाटेकडे वळतात. चौकट भिरकावून देणंही खरं नाही, कारण हात आपलाच असतो. ० ते ४९ आणि ० ते ३९ अशा चिठ्ठ्या दोन डब्यांत घाला. प्रत्येकातून एक काढा, एका कोपऱ्यापासून तेवढे मीटर लांबीत आणि रुंदीत मोजा आणि तिथेच चौकट ठेवा. चिठ्ठ्या परत डब्यात टाका. जागी नुसता मुरूम निघाला तरी सरकायचं नाही, वहीत शून्य लिहायचं. ते शून्य गाळलंत की आकडा फुगलाच.

ज्याचं मूळ चौकटीत, तेच रोप मोजा. बरोबर काठीखाली आलेली रोपं दोन ठरलेल्या बाजूंची धरा, उरलेल्या दोन बाजूंची सोडा.

२० चौकटींत १३० रोपं आली, तर सरासरी साडेसहा. गुणिले २,०००, म्हणजे अंदाजे १३,०००. पण गाजर गवत पुंजक्यांनी उगवतं. एका चौकटीत २०, दुसरीत काहीच नाही, असं असेल तर हा आकडा बराच इकडेतिकडे होऊ शकतो. चूक निम्मी करायची तर चौकटी चौपट लागतात.

हलणाऱ्या जिवांना चौकट पुरत नाही. बागेतल्या शंखी गोगलगायी मोजायच्या तर ५० गोळा करून शंखावर नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि सोडा. काही रात्रींनी पुन्हा ६० धरल्या आणि त्यांत ठिपक्याच्या १२ निघाल्या, म्हणजे पाचांत एक, तर ठिपक्याच्या ५० याही एकूण गोगलगायींच्या पाचवा हिस्सा धरायच्या: ५० गुणिले ६० भागिले १२, म्हणजे सुमारे २५०. मधल्या काळात पाऊस पडून शेजारच्या शेतातून नव्या आल्या असतील, तर हा हिशोब धरू नका.