टेबलावर कुणी शॉर्ट स्टॅक (कमी चिप्सवाला) असेल तर कसं खेळायचं

नियम येतात असं धरून चालतो. पोकरमधल्या होल्डमची टूर्नामेंट डोळ्यासमोर ठेवा.

आधी तुमच्या डावीकडच्या तिघाचौघांच्या चिप्स मोजा आणि बिग ब्लाइंडने, म्हणजे पत्ते बघायच्या आधी भरायच्या मोठ्या सक्तीच्या रकमेने, भागा. 20 च्या खाली आला तो शॉर्ट. तुमच्याकडे 60 ब्लाइंड असले तरी 12 वाल्याशी खेळताना तुमच्याकडेही 12च आहेत, उरलेले 48 नुसते शोभेला.

मग रेझ लहान करा. बिग ब्लाइंडच्या 3 पट कशाला, 2 किंवा 2.2 पट पुरे.

आता खरी गोम. "शॉर्ट स्टॅकला दाबा, तो घाबरलेला असतो" हा सल्ला मला इतक्या जणांनी दिलाय की आता ऐकला तरी डोकं फिरतं. घाबरलेला वगैरे काही नसतो तो, त्याच्यापुढे दोनच रस्ते उरलेले असतात, फोल्ड (पत्ते टाकणं) नाहीतर ऑल-इन (सगळ्या चिप्स पुढे ढकलणं), आणि दुसरा रस्ता तो तुमच्या जिवावर धरतो. त्यातही 4 ब्लाइंडवाला बिचारा कुणाला पळवू शकत नाही, जवळजवळ कशावरही कॉल करता येतो. डोकेदुखी 10 ते 20 वाल्याची, कारण त्याचा ऑल-इन तुम्हाला टोचतो.

गोव्यात मांडवी नदीतल्या एका कसिनो बोटीवरची गोष्ट. ब्लाइंड 500-1000, अँटी (ब्लाइंडशिवायची सक्तीची रक्कम) सगळी मिळून 1000, माझ्याकडे 60 हजार, मी कटऑफवर (डीलरच्या बटणाच्या आधीची जागा), हातात इस्पिकची सत्ती-छक्की. दिसायला गोड पत्ते, मारला 2200 चा रेझ. बिग ब्लाइंडला एक काका, ब्लाइंड धरून 12 हजार, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पत्ते एकदाच बघितले आणि सगळं पुढे ढकललं. हिशोब केला तर मला अजून 9800 भरायचे, पॉट होणार 25,500, म्हणजे 38 टक्क्यांच्या वर जिंकायला हवं. एक्का-राजा असेल तर सत्ती-छक्की 40 च्या आसपास जिंकते, पण मोठी जोडी असली की 20-22 वर येते, दोन्ही धरून गणित बसत नाही. फोल्ड. काकांचे 12 हजाराचे 15,700 झाले, तेही फ्लॉप, म्हणजे पहिले तीन सामाईक पत्ते, न बघता! त्या संध्याकाळी हे मी चार वेळा केलं आणि प्रत्येक वेळी नशिबाला शिव्या दिल्या, चूक मात्र रेझ मारतानाच झाली होती.

म्हणून चिप्सना हात लावायच्या आधीच ठरवा, मागचा शॉर्ट ऑल-इन गेला तर मी कॉल करणार का? उत्तर "बघू तेव्हा" असेल तर आत्ताच फोल्ड करा. राजा-राणी, एक्का-दश्शी, अठ्ठीची जोडी यांवर मी कॉल करतो, जास्त विचार करत नाही. सत्ती-छक्की असले पत्ते मोठ्या स्टॅकसमोर सोनं, कारण लागले तर पुढे भरपूर मिळतं, 12 ब्लाइंडवाल्याकडून मिळून मिळून काय मिळणार? पंजीच्या जोडीचंही तेच. तिसरी पंजी फ्लॉपवर साधारण 8 वेळांत एकदा येते, त्याच्या रेझला तेवढ्या आशेवर कॉल करणं म्हणजे पैसे वाटणं.

बक्षिसाची रेषा जवळ आली आणि तुम्ही मधल्या स्टॅकवर असाल तर मोठ्या स्टॅकशी उगाच भिडू नका, आधी छोट्यांना बाहेर पडू द्या.

राहिलं शॉर्ट ऑल-इन आणि तुम्ही दोघं हातात असं तिघांचं पॉट. साइड पॉट (शॉर्टच्या चिप्स संपल्यावर तुम्हा दोघांतच होणारा वेगळा पॉट) रिकामा असताना ब्लफ मारून तिसऱ्याला पळवू नका. मुख्य पॉट तरीही दाखवूनच जिंकायचंय, आणि तुमच्याकडे तर काहीच नाही, मग शॉर्टला हरवू शकणारा एकमेव माणूस तुम्ही स्वतःच घालवलात. मी हे केलंय, पळवलेल्याकडे राण्यांची जोडी होती, आणि त्याने ती टेबलावर उलटी करून सगळ्यांना दाखवली.