आवडत्या चित्रपटांवर वाद कसा घालावा, आणि संगीतपटांचा निवाडा कसा करावा

लोकप्रिय चित्रपटांवरचा वाद बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतो. एक जण 'मला हा चित्रपट आवडला' असे सांगत असतो, दुसरा 'हा चित्रपट नीट बांधलेला नाही' असे म्हणत असतो, आणि तिसऱ्याला 'या चित्रपटानंतर अशा कथा सांगण्याची रीतच बदलली' हे पटवून द्यायचे असते. ही तिन्ही विधाने एकाच चित्रपटाबद्दल एकाच वेळी खरी असू शकतात, त्यामुळे तिघेही तासभर बोलतात आणि कोणीच कोणाला उत्तर देत नाही. म्हणून बोलायला सुरुवात करण्यापूर्वी आपण यांपैकी कोणता दावा मांडणार आहोत हे ठरवावे आणि समोरच्यालाही ते विचारून घ्यावे. आवडीला पुरावा लागत नाही. बांधणीबद्दलच्या दाव्याला तो लागतो, आणि प्रभावाबद्दल बोलायचे तर आधीचे आणि नंतरचे चित्रपटही पाहिलेले असावे लागतात.

पुरावा म्हणून सर्वांत आधी पुरस्कार आणि गल्ला पुढे केले जातात. दोन्ही जपून वापरावेत. 1951 च्या 'ॲन अमेरिकन इन पॅरिस' या संगीतपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. पाठोपाठ 1952 मध्ये त्याच एमजीएम कंपनीचा आणि त्याच नर्तक-नट जीन केलीचा 'सिंगिंग इन द रेन' आला, तेव्हा त्याला त्या पुरस्कारासाठी साधे नामांकनही मिळाले नाही. पुढे मात्र 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाने दर दहा वर्षांनी घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात 1982, 2002 आणि 2022 साली तो पहिल्या दहा चित्रपटांत होता. गल्ल्याचेही तसेच आहे. 1965 चा 'द साउंड ऑफ म्युझिक' अनेक समीक्षकांनी फाजील गोड म्हणून झोडपला, आणि प्रेक्षकांनी तो इतका उचलून धरला की 'गॉन विथ द विंड'चा उत्पन्नाचा विक्रम त्याने मोडला. यावरून समीक्षक चुकले असे सिद्ध होत नाही आणि प्रेक्षक भाबडे होते असेही नाही. लोकांना पुन्हा पुन्हा चित्रपटगृहाकडे ओढणारे काहीतरी त्यात होते, एवढे मात्र नक्की. वाद घालायचा तर ते काय होते यावर घालावा.

त्यासाठी सर्वांत उपयोगी नियम असा, की प्रत्येकाने आपल्या मताच्या समर्थनार्थ एकच प्रसंग निवडावा आणि तो इतक्या तपशिलाने सांगावा की ऐकणाऱ्याला तो डोळ्यांपुढे उभा राहिलेला दिसेल: कोण कुठे उभे आहे, कॅमेरा किती जवळ आहे, प्रसंग सुरू होताना पात्राला काय ठाऊक नव्हते आणि संपताना काय ठाऊक झाले. 'अभिनय अप्रतिम आहे' किंवा 'पटकथा ढिसाळ आहे' अशा वाक्यांवर मतभेद होऊ शकत नाही, कारण त्यांत पकडण्यासारखे काही नसते. प्रसंग मात्र पुन्हा लावून पाहता येतो. शक्य असेल तर तो वादाच्या आधी पाहून घ्यावा, कारण जुन्या आवडत्या चित्रपटाची आठवण वर्षानुवर्षे आपणच दुरुस्त करत आलेले असतो. संगीतपटांच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळावे. चित्रपटापासून सुटे करून पाहिलेले गाणे पुरावा म्हणून धरू नये. गाण्याच्या आधीची दोन मिनिटे आणि नंतरची दोन मिनिटे पाहिल्याशिवाय ते गाणे तिथे का आहे हे कळत नाही.

आता संगीतपटांकडे वळू. ते चांगले असतात की नाही, या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी संगीतपट कशाला म्हणायचे यावर एकमत करून घ्यावे लागते, आणि भारतीय प्रेक्षकाला तर ते अधिकच आवश्यक आहे. 1931 च्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटातच सात गाणी होती; पुढच्याच वर्षी आलेल्या 'इंद्रसभा'त ती सुमारे सत्तर होती. आपल्याकडे गाणे ही चित्रपटाची सर्वसाधारण स्थिती आहे, आणि 1960 चा 'कानून' एकही गाणे नसल्यामुळे वेगळा ठरला. तेव्हा गाणी आहेत एवढ्यावरून चित्रपट संगीतपट ठरत नाही. यासाठी मी एक सोपी कसोटी वापरते: गाणी मनातल्या मनात काढून टाकावीत आणि काय उरते ते पाहावे. कथा जशीच्या तशी उभी राहत असेल, तर तो गाणी असलेला चित्रपट आहे. 1936 च्या 'संत तुकाराम'मधून अभंग काढले तर नायकाचे जगणेच निघून जाते, कारण त्याचे बोलणे, त्याची भक्ती आणि गावाशी असलेले त्याचे नाते या सगळ्याला तिथे अभंगातूनच वाट मिळते. माझ्या दृष्टीने तो अस्सल संगीतपट आहे, मग त्यावर कोणतीही पाटी लावलेली असो.

संगीतपटांवरचा सर्वांत जुना आक्षेप असा, की खऱ्या आयुष्यात माणसे रस्त्यात अचानक गाऊ लागत नाहीत. त्यावर लगेच मिळणारे उत्तर म्हणजे खऱ्या आयुष्यात भांडणाच्या वेळी मागे वाद्यवृंदही वाजत नाही, तरीही पार्श्वसंगीताबद्दल कोणी तक्रार करत नाही. हे उत्तर बरोबर आहे. व्ही. शांताराम यांनी हा आक्षेप खरोखरच मनावर घेऊन 1937 च्या 'कुंकू'त पार्श्वसंगीत टाळले. तिथे संगीत येते ते कथेतल्या ग्रामोफोनसारख्या वस्तूंमधून आणि पात्रांच्या गळ्यातून, आणि उरलेल्या जागी दैनंदिन आवाज ऐकू येतात. पण बहुतेक चित्रपट इतके काटेकोर नसतात, आणि असावेत असेही नाही. तरी या उत्तरावर समाधान मानून थांबू नये, कारण आक्षेप घेणाऱ्याची खरी अडचण बहुधा वेगळी असते. बोलणे संपून गाणे सुरू होते त्या क्षणी त्याला अवघडल्यासारखे होते. तेव्हा त्याला तो क्षणच दाखवायला सांगावा, आणि तो चित्रपटाने कसा ओलांडला आहे हे दोघांनी मिळून पाहावे. चांगल्या संगीतपटात पावलांना आधी ताल येतो, वाक्ये हळूहळू छंदाकडे झुकतात, एखादा शब्द जरा लांबतो, आणि आवाज सुरात लागेपर्यंत प्रेक्षक त्या वळणावरून पुढे आलेला असतो. वाईट संगीतपटात पात्रे थबकतात, वाद्ये वाजू लागतात आणि सगळे जण गाण्याची वाट पाहत उभे राहतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गाण्याने कथा थांबते. संगीतपटाची बाजू घेणाऱ्याने यावर घाईने 'नाही, चांगले गाणे कथा पुढे नेते' असे म्हणू नये, कारण सर्वोत्तम उदाहरणेच त्याच्या विरोधात जातात. 'द विझर्ड ऑफ ऑझ' या 1939 च्या चित्रपटातले 'ओव्हर द रेनबो' हे गाणे चाचणी खेळांनंतर जवळजवळ कापलेच गेले होते, आणि कापू पाहणाऱ्यांचे म्हणणे हेच होते की त्याने चित्रपट सुरुवातीलाच मंदावतो. त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. त्या गाण्यात काहीच घडत नाही. शेतावरची एक मुलगी दूरच्या जागेची कल्पना करत गाते, एवढेच. पण ते काढले तर ती मुलगी त्या अद्भुत देशात पोहोचते तेव्हा ती काय शोधत आली आहे हे आपल्याला माहीतच नसते, आणि मग परत जाण्याच्या तिच्या ओढीलाही अर्थ राहत नाही. गाणे ठेवले गेले, आणि त्याला सर्वोत्कृष्ट गीताचे ऑस्करही मिळाले. 'सिंगिंग इन द रेन'च्या शीर्षकगीतातही कथा पुढे सरकत नाही. नायक प्रेमात पडल्याचे आपल्याला आधीच कळलेले असते. तो फक्त छत्री मिटतो आणि भिजत नाचतो. तिथे एक क्षण ताणून मोठा केलेला आहे, आणि साध्या चित्रपटात ज्याला पाच सेकंदांचे हसू मिळाले असते त्या आनंदाला इथे सबंध रस्ता मिळतो. म्हणून विचारायचा प्रश्न जरा बदलावा: कथा थांबली का, हे विचारण्याऐवजी, थांबलेल्या वेळात आपल्याला असे काय मिळाले जे संवादाने मिळाले नसते, हे विचारावे. उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर आक्षेप मान्य करावा. अनेक गाण्यांच्या बाबतीत ते तसेच येते.

तिसरा मुद्दा नृत्याचा. इथे वाद सर्वांत रंगतो, कारण पाहण्यासारख्या गोष्टी मोजता येतात. नर्तक-नट फ्रेड अस्टेअर याचा आग्रह असे की नाचताना डोक्यापासून पायांपर्यंत संपूर्ण शरीर चौकटीत दिसावे आणि मध्ये शक्य तितके कमी कट असावेत. 1930 च्या दशकात नृत्यदिग्दर्शक बस्बी बर्कली नेमका उलट विचार करत होता. 1933 च्या 'फॉर्टी सेकंड स्ट्रीट'सारख्या चित्रपटांत त्याने कॅमेरा थेट छतावर नेला आणि नर्तिकांच्या रांगांतून उमलणाऱ्या, मिटणाऱ्या आकृत्या घडवल्या. तिथे एकेकीच्या कौशल्याला फारसे महत्त्व नाही, नाचतो तो कॅमेरा. एखाद्या नव्या चित्रपटातले नृत्य आवडले नाही असे कोणी म्हणाले, तर एका मिनिटात किती कट आहेत ते मोजायला सांगावे आणि मग विचारावे की हे कट नृत्य घडवण्यासाठी आहेत की नाचता न येणे लपवण्यासाठी. मला स्वतःला अस्टेअरची रीत अधिक प्रामाणिक वाटते. पण बर्कलीच्या बाजूने बोलणाऱ्याकडेही भक्कम म्हणणे आहे: रंगमंचावर जे कधीच दिसू शकत नाही ते पडद्यावर दाखवणे हेच चित्रपटाचे काम आहे.

आवाजाचा प्रश्न असाच. 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वुडसाठी आणि 1964 च्या 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्नच्या बहुतेक गाण्यांसाठी गायिका मार्नी निक्सन गायली, आणि पाश्चात्त्य प्रेक्षकांत त्यावरून बरीच कुजबुज झाली. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला त्यात वावगे वाटत नाही. दुसऱ्या टोकाला 2012 चा 'ले मिझराब्ल' आहे, ज्यात नटांचे गाणे चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित केले. तिथे सूर काही जागी डळमळतो, पण श्वास आणि रडू खरे वाटते. दोन्ही पद्धतींचे एकेक गाणे लागोपाठ ऐकावे आणि मग मत द्यावे.

संगीतपटांच्या बाजूने बोलणाऱ्याने त्यांचे अपयशही माहीत करून घ्यावे. 'द साउंड ऑफ म्युझिक'च्या यशानंतर अमेरिकी कंपन्यांनी अवाढव्य खर्चाचे संगीतपट काढण्याचा सपाटा लावला, आणि 'डॉक्टर डूलिटल', 'स्टार!', 'हॅलो, डॉली!' हे 1967 ते 1969 या काळातले चित्रपट तोट्यात गेले. 1968 च्या 'ऑलिव्हर!'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पुन्हा संगीतपटाला मिळाले ते थेट 2002 च्या 'शिकागो'ला. 'शिकागो'ने पहिल्या आक्षेपावर तोडगा काढला तो गाणी नायिकेच्या कल्पनेत घडवून. चित्रपट देखणा आहे, तरीही मला त्यात थोडी माघार दिसते: गाणे खरे मानण्याचे धाडस त्याने केले नाही.

वादाच्या रीतीबद्दल फार सांगण्याची गरज नाही. समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला मान्य होईल असे मांडून दाखवावे, मगच खोडावे. 'तुला तो कळलाच नाही' हे वाक्य टाळावे, आणि 'ओव्हररेटेड' हा शब्दही, कारण तो चित्रपटाबद्दल बोलत नाही, इतरांच्या मताबद्दल बोलतो. कोणत्या प्रकारचा प्रसंग दाखवला तर आपले मत बदलेल, हे सुरुवातीलाच सांगून टाकता आले तर उत्तम.

एवढे बोलून झाल्यावर संशयी मित्राला एक संगीतपट दाखवावा, आणि तो आपल्या आवडीनुसार न निवडता त्याच्या आक्षेपानुसार निवडावा. गाणे खोटे वाटते असे तो म्हणत असेल, तर बॉब फॉसीचा 1972 चा 'कॅबरे' लावावा. त्यातली जवळजवळ सगळी गाणी क्लबच्या रंगमंचावरच होतात. फक्त एक गाणे बाहेर, उन्हातल्या बिअर गार्डनमध्ये, एक नाझी तरुण गातो, भोवतालची माणसे एकेक करून उभी राहून त्यात सूर मिसळतात, आणि गाणे रंगमंचाबाहेर आले म्हणजे किती भयंकर होऊ शकते हे तिथे दिसते. संगीतपट गुळचट असतात अशी त्याची तक्रार असेल, तर जाक देमीचा 1964 चा 'द अम्ब्रेलाज ऑफ शेरबर्ग' दाखवावा. त्यात गॅरेजमधल्या कामाच्या बोलण्यापासून ताटातुटीपर्यंत प्रत्येक शब्द गायलेला आहे, मिशेल लग्रां यांच्या संगीतात. आणि सुरुवातीलाच एक मेकॅनिक गाऊनच सांगतो की ही गाणारी माणसे आपल्याला सहन होत नाहीत, आपल्याला सिनेमा बरा. त्या प्रेमकथेचा शेवट गोड नाही. नाच-गाणे म्हणजे वेळकाढूपणा असे त्याचे मत असेल, तर 'सिंगिंग इन द रेन' हाच योग्य, कारण तो पावणेदोन तासांच्या आत संपतो, त्यातली बहुतेक गाणी जुन्या चित्रपटांतून उचललेली असूनही कथेत मुरलेली आहेत, आणि ती कथाच मूकपटांकडून बोलपटांकडे जाताना एकीच्या ओठांवर दुसरीचा आवाज कसा बसवला गेला याची आहे. चित्रपट पूर्ण पाहावा, मध्ये फोन हातात घेऊ नये, आणि संपल्यावर 'आवडला का' असे न विचारता 'कोणते गाणे काढले असतेस आणि का' असे विचारावे.