फास्ट फेरीचं तिकीट काढताय? आधी सीटचं बघा

फास्ट फेरी म्हणजे बहुतेक वेळा कॅटमरान, खाली एकाऐवजी दोन समांतर तळ असलेली बोट, ३५ नॉटने म्हणजे ताशी जवळपास ६५ किमीने पळते, त्यामुळे लाटा आल्या की पुढचा भाग असा आपटतो की मांडीवरची बाटली उडून खाली पडते. म्हणून सीट मधली किंवा जरा मागची घ्या, खालच्या डेकवर मिळाली तर उत्तमच, पुढच्या मोठ्या काचेचा मोह नको.

बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधीच घ्यायची, उलट्या सुरू झाल्यावर खरंच फारसा उपयोग होत नाही. मोबाईल खिशात, नजर क्षितिजावर.

आणि लाटा ठराविक उंचीच्या वर गेल्या की फेरी सोडतच नाहीत, तेव्हा त्याच दिवशीची फ्लाइट ठेवू नका, रिफंडचे नियम पण आधीच वाचा.