इथर पाठवण्याआधी शिल्लक शून्य करा

सॉलिडिटीत, म्हणजे इथेरियम ब्लॉकचेनवरचे प्रोग्राम (कॉन्ट्रॅक्ट) लिहायच्या भाषेत, पैसे काढण्याचं फंक्शन (विथड्रॉ) लिहिताना ओळींचा क्रम चुकला, की री-एंट्रन्सीला, म्हणजे फंक्शन संपायच्या आत त्यात पुन्हा शिरण्याला, दार उघडं. २०१६ मध्ये द डाओ या इथेरियमवरच्या सामायिक गुंतवणूक निधीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) याच वाटेने गेले. इथर घेणारा पत्ता स्वतः कॉन्ट्रॅक्ट असेल तर पैसे पोचताच त्याचं रिसीव्ह फंक्शन चालतं आणि ते तुमचंच विथड्रॉ पुन्हा बोलावू शकतं. नोंदीतली शिल्लक तोवर जुनीच असते, म्हणून पैसे पुन्हा निघतात.

म्हणून आधी शिल्लक तपासा, मग ती शून्य करा आणि सगळ्यात शेवटी इथर पाठवणारा कॉल. कॉलने परत दिलेलं खरं-खोटं मूल्यही तपासा. तो फसला तर व्यवहार रिव्हर्ट व्हायलाच हवा, म्हणजे सगळे बदल मागे फिरायला हवेत. नाहीतर पैसे न मिळताच वापरकर्त्याची शिल्लक शून्य. वर ओपनझेपेलिन या तयार कोडच्या लायब्ररीतला, पुन्हा शिरणं अडवणारा नॉनरीएंट्रंट मॉडिफायर फंक्शनला लावा, पण त्याच्यावरच विसंबू नका: तीच शिल्लक हलवणारं दुसरं फंक्शन त्याच्याविना राहिलं, तर तिथून शिरता येतं.

ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर जाणं, सॉलिडिटीच्या ०.८ आवृत्तीपासून कंपायलरने घातलेली तपासणीच पकडते, ही तपासणी बंद ठेवणारा अनचेक्ड ब्लॉक सोडून. कॉल करणारा कॉन्ट्रॅक्टचा मालकच आहे का, हे मात्र टीएक्स डॉट ओरिजिनने (व्यवहार मुळात सुरू करणारा पत्ता) तपासू नका, एमएसजी डॉट सेंडर (थेट कॉल करणारा पत्ता) वापरा. मालकाला फसवून मधल्या कॉन्ट्रॅक्टवर व्यवहार करायला लावला, तरी ओरिजिनमध्ये मालकाचाच पत्ता दिसतो.