अळी ओळखायची तर आधी झाड ओळखा

पावसाळ्यात परसात अनोळखी अळी दिसली की लगेच चिमट्यात धरू नका. आधी ती कशाचं पान खातेय ते बघा. बहुतेक अळ्यांचा खाण्याचा पसारा ठरलेला असतो, त्यामुळे झाडाचं नाव कळलं की निम्मं काम झालं.

लिंबावर किंवा कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही चिकटलेलं दिसतंय? ते बहुधा फुलपाखराचं पिल्लू. मोठं झालं की हिरवंगार होतं, आणि डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतं. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉनही याच कुळातल्या झाडांवर वाढतं. चार पानं गेली तर जाऊ द्या. रुईवरची काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी प्लेन टायगर फुलपाखराची. आंब्याच्या पानावर मधल्या शिरेला समांतर, पिसांसारखे काटे पसरून निजलेली हिरवी अळी बॅरन फुलपाखराची. ती शोधून काढणं हा एक खेळच आहे!

केसाळ किंवा काटेरी अळीला मात्र उघडा हात लावू नका. केस टोचलेच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, मग साबणाने धुवा.

फोटो काढताना अळी वरून आणि बाजूने घ्या, शिवाय पानाच्या दोन्ही बाजू आणि अख्खं झाड. झाडच अनोळखी असेल तर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठ मोडल्यावर चीक येतो का, हे टिपून ठेवा. आय-नॅचरलिस्ट अ‍ॅप नाव सुचवतं, पण ते पहिला अंदाज म्हणूनच घ्या.