जमीन राखायला निघालेल्या विश्वस्तांनो, या चुका टाळा

पुणे जिल्ह्यात जमीन राखण्याचं काम करणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत. कुणी टेकडी सांभाळतं, कुणी देवराई, कुणी सुपे-इंदापूरकडचा माळ. कारभार बघणारी माणसं बहुतेक बिनपगारी: निवृत्त बँक अधिकारी, वनस्पतिशास्त्राचे एखादे सर, हिंजवडीत नोकरी करून शनिवार-रविवार देणारी पोरं. तळमळीत कुणी कमी नसतं. पण श्रमदानाला जी रीत पुरते ती विश्वस्तपदाला पुरत नाही, आणि खाली लिहिलेल्या बहुतेक भानगडी तिथूनच सुरू होतात.

लागवडीची घाई

नवं मंडळ आलं की पहिला ठराव रोपं लावण्याचा. फोटो चांगला येतो, देणगीदार खूश होतो, कंपनीच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक निधीच्या, अहवालात आकडा भरता येतो. त्याआधी एवढंच बघा, की ही जागा मुळात झाडीची आहे की गवताची. पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. मुळशी-ताम्हिणीकडे तो काही हजारांत जातो, तर बारामती-दौंडकडे पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असताना रोपांची एकच यादी सगळीकडे कशी चालेल?

पूर्वेकडच्या माळांचा जीवच गवतात असतो. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारासाठी राखलंय. लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल ही सगळी मंडळी उघड्या रानावर जगणारी. तिथे जेसीबी लावून ओळीने खड्डे घेतले, की जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची जागा संवर्धनाच्या नावाखाली आपणच उकरून टाकतो. सरकारी कागदावर त्या माळाला ‘पडीक’ म्हटलेलं असतं. विश्वस्तांनीही तेच धरून चालायचं काही कारण नाही.

शहरातल्या टेकड्यांवर वेगळी गत आहे. लवकर वाढते आणि जनावरं फारशी तोंड लावत नाहीत, म्हणून तिथे ग्लिरिसिडिया, म्हणजे आपली उंदीरमारी, भरपूर लावली गेली. लांबून टेकडी हिरवी दिसते, पण दाट सावलीखाली शिरून बघा. गवत विरळ, देशी रोपं त्याहून विरळ.

त्यामुळे जागा ताब्यात आल्यावर पहिलं वर्ष नुसतं बघण्यात घालवा. पवन्या गवत कुठे आहे, मारवेल कुठे, कुसळी कुठे पसरलीय, पावसाचं पाणी कुठून उतरतं, पक्षी कुठे बसतात. लावायचीच झाडं तर धावडा, सालई, मोई, मेडशिंग, खैर, हिवर यांच्यापैकी जी त्याच परिसरात आधीपासून तग धरून आहेत तीच घ्या, आणि बियाणंही तिथलंच. ५ जूनचा, म्हणजे पर्यावरण दिनाचा, मोह आवरा. त्या तारखेला पुण्यात बहुधा पावसाची वाटच बघणं चाललेलं असतं. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन भिजली की मग हात घाला. कंपनीशी करार करताना किती रोपं लावली यापेक्षा तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती उभी आहेत, हे मोजायचं कलम घाला. एखादा देणगीदार मागे हटेल. हटू द्या. आणि हो, रोपं एखाद्या विश्वस्ताच्या मेव्हण्याच्या रोपवाटिकेतून येत असतील तर ते ठरावात लिहा, आणि त्या विश्वस्ताने मतदानाला बसू नये.

सातबारा न वाचता हात पुढे करणं

“साहेब, डोंगराकडची दोन एकर पडूनच आहे. घेऊन टाका संस्थेला, आईच्या नावाने काहीतरी करा.” असं कुणी म्हटलं की मंडळात पेढे वाटले जातात. पेढ्यांआधी कायदा बघावा. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हे फक्त खरेदीपुरतं नाही, बक्षीसपत्रालाही लागू आहे. संस्था शेतकरी नसते, मग दान मिळतंय म्हणून सूट नाही.

यातून निघणारी पुणेरी पळवाट सगळ्यांना ठाऊक आहे: मंडळात जो कुणी शेतकरी आहे त्याच्या नावावर जमीन घेऊन ठेवायची. माणूस सज्जन असतो, शब्दही पाळतो. पण तो गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद होते ती त्याच्या मुलाबाळांची. त्यांनी संस्थेचं नाव फार तर जेवताना ऐकलेलं असतं, आणि तोवर जमिनीशेजारून रिंगरोडची चर्चा सुरू झालेली असते. वर्गणीच्या पैशातून घेतलेली जमीन अशी कुणाच्या घरात शिरली, तर दोष वारसांना देता येत नाही.

सातबारा हातात आला की नावांची बाजू सगळेच वाचतात. खरी गंमत ‘इतर हक्क’ या रकान्यात असते. सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा, कुळाचं नाव, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शेरा, खासगी वनाची नोंद, सगळं तिथे दडलेलं असतं. जमीन सामाईक असेल तर बहिणींची नावं कुठे आहेत ते विचारा. त्यांनी हक्क सोडल्याचं ‘तोंडी ठरलंय’ हे उत्तर ऐकून घ्यायचं आणि व्यवहार थांबवायचा. भोगवटादार वर्ग २, म्हणजे शासनाच्या अटींवर दिलेली जमीन, असेल तर हस्तांतरणाला वेगळी परवानगी लागते. जुने फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, काढा, एकेक वाचा. मंडळात महसूल खात्यातून निवृत्त झालेला एक जण असावा, तो वकिलाइतकाच कामाला येतो.

मग मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्या आणि हद्दीचे दगड शेजारच्या शेतकऱ्यांसमोर रोवा. हद्द माहीत नसलेल्या जमिनीवर अतिक्रमण झालं, हे सिद्ध तरी कसं करणार? पुण्याच्या टेकड्यांवर तर जास्तच जपावं लागतं. १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, आणि २०१५ मध्ये शासनाने तिथे मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) ठरवला. मालकांना तो कमी वाटतो, म्हणून गुंठ्यागुंठ्याने ‘स्वस्त जागा’ विकायचे प्रकार चालतात. अशी जागा कुणी संस्थेला नोटरी केलेल्या कागदावर देऊ केली तर चहा पाजून परत पाठवा.

जमीन संस्थेच्या नावावर आल्यावरही विश्वस्त तिचे मालक होत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ३६ प्रमाणे ती विकायला, अदलाबदल करायला किंवा कुणाला बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल तरीही. बिगरशेती जागेला ही मुदत तीन वर्षांची. ‘कॅम्प साइट चालवायला देऊ, तेवढाच संस्थेला आधार’ असं कुणी सुचवलं की हे कलम वाचून दाखवा.

वणव्याची आठवण मार्चमध्ये

वणवे फेब्रुवारी ते मे पेटतात, त्यामुळे जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत जाळून मोकळे केलेले पट्टे, डिसेंबर-जानेवारीतच काढून व्हायला हव्यात. गवत पिवळं पडलेलं असतं, वारा अजून सुटलेला नसतो. जाळरेषा काढताना वनखात्याला आणि ग्रामपंचायतीला आधी कळवा. त्या दिवशी पाणी आणि माणसं दोन्ही जास्तीची हवीत. आग विझवायला येणाऱ्याने सुती कपडे आणि बूट घालावेत. नायलॉनचा टी-शर्ट, भले त्यावर संस्थेचं बोधचिन्ह असो, ठिणगी पडली की अंगाला चिकटतो. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

गावाला बाहेर ठेवणं

कुंपण घातलं, पाटी लावली, रखवालदार ठेवला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तारा कापलेल्या. विश्वस्त म्हणतात, गावकऱ्यांना कदर नाही. कापणाऱ्याला विचारलं तर तो सरळ सांगतो, “दादा, आमची शेरडं काय हवेवर जगायची का? तुम्ही यायच्या आधी विचारलं असतं तर दुसरी वाट दाखवली असती.”

आदर्श गाव योजनेत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आहे खरी, पण ती ग्रामसभेने स्वतः मान्य करायची असते. बाहेरच्या संस्थेने लादलेली चराईबंदी रखवालदाराची पाठ फिरेपर्यंतच टिकते. पावसाळ्यात गुरं बंद ठेवायची आणि गवताचं बी पडून गेल्यावर विळ्याने कापून न्यायला गावाला मोकळीक द्यायची, हा तोडगा बऱ्याच ठिकाणी चालतो. कापलेल्या गवतामुळे वणव्याला खाद्यही कमी उरतं. धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा तळ, दरवर्षी त्याच वाटेने जात असेल तर ती वाट नकाशावर दाखवा आणि मोकळी ठेवा. देवराईत तर आणखी सांभाळून. तिथले नियम देवाचे आहेत आणि ते गुरवाला व गावातल्या म्हाताऱ्यांना तुमच्यापेक्षा नीट ठाऊक असतात.

सगळं एकट्या काकांच्या डोक्यात

जवळपास प्रत्येक संस्थेत एक काका असतात. तलाठ्याला ओळखतात, बँकेची सही त्यांची, ईमेलचा पासवर्ड त्यांना पाठ, मूळ खरेदीखत त्यांच्या कपाटात. काका आजारी पडले की संस्थाही आजारी. तरुण पोरं म्हणतात, “काका काही करूच देत नाहीत.” काका म्हणतात, “यांना एक तारीख पाळता येत नाही.” दोघांचंही खरं असतं.

बँकेत तिघांपैकी दोघांच्या सह्या ठेवा. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये, स्कॅन प्रती दोन ठिकाणी. निर्णय व्हॉट्सॲपच्या अंगठ्यावर घेऊ नका: सूचनापत्र, गणपूर्ती, ठराव आणि सही केलेलं इतिवृत्त नसेल तर धर्मादाय कार्यालयात तो निर्णय झालेलाच नसतो. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे त्याची नोंद करणारा बदल अर्ज गेला पाहिजे. हिशेब ३१ मार्चला बंद होतात आणि लेखापरीक्षण सहा महिन्यांत व्हावं लागतं. ऐन पावसाळी लागवडीत हे हमखास विसरलं जातं. ८०जीची, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, नोंदणीही आता एकदा झाली की झाली अशी राहिलेली नाही, मुदत संपायच्या आत नूतनीकरण करावं लागतं.

चूक आधीच झाली असेल तर

जमीन एखाद्या विश्वस्ताच्या नावावर असेल तर ते हयात असतानाच त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोला, पैसा संस्थेच्या खात्यातून गेल्याचा पुरावा गोळा करा आणि वकिलामार्फत परवानगीचा मार्ग धरा. हा विषय अवघड वाटतो म्हणून पुढे ढकलला की तो आणखी अवघड होतो.

उंदीरमारीचं रान झालं असेल तर एकदम साफ करायला जाऊ नका. झाड स्वतःच्या जमिनीवर असलं तरी तोडायला परवानगी लागू शकते, आणि उघडी पडलेली उताराची माती पहिल्याच पावसात खाली येते. परवानगी घेऊन थोडी थोडी विरळ करा आणि मोकळ्या झालेल्या जागेत आधी गवत येऊ द्या. माळावर चुकीची लागवड झाली असेल तर टँकर थांबवा. मेलेल्या रोपाच्या जागी नवं रोप लावायचा आग्रह सोडा.

आणि बदल अर्ज वर्षानुवर्षं तुंबले असतील, तर ताज्या मंडळाचा अर्ज आधी घालून उपयोग होत नाही. सगळ्यात जुन्या बदलापासून क्रमाने चला, प्रत्येकासोबत त्या वेळचं इतिवृत्त आणि विलंब माफीचा अर्ज जोडा. इतिवृत्ताची वही सापडत नसेल तर काकांच्या माळ्यावर शोधा, बहुधा तिथेच असते.