ईआरपीची ऑर्डर देण्याआधी

ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याचा डेमो बघण्याआधी एक कोरा कागद घ्या. ऑर्डर आल्यापासून माल गेटबाहेर पडायला किती दिवस लागतात, गोडाऊनमध्ये किती रुपयांचा माल पडून आहे, बिलाचे पैसे किती दिवसांनी हातात येतात, हे आजचे आकडे त्यावर लिहा. त्यातला कोणता आकडा कधीपर्यंत किती खाली आणायचा तेही लिहा, आणि समोर जबाबदार माणसाचं नाव. ते नाव आयटीवाल्याचं नको. साठा कमी करायचा असेल तर स्टोअर आणि खरेदी ज्याच्या हातात आहे त्याचंच हवं. आजचे आकडे आजच टिपले नाहीत, तर वर्षभराने फायदा झाला की नाही हे कशावरून ठरवणार?

करारावर सही करण्याआधी आपल्या कोणत्या सवयी सोडणार, हे मालकाने स्वतः बसून ठरवावं. जर्मनीच्या लिडल या सुपरमार्केट साखळीत साठ्याचा हिशेब खरेदीच्या दराने होई, तर त्यांनी घेतलेल्या एसएपी या ईआरपीची तयार रचना विक्रीदर धरून चाले. सवय न बदलता सॉफ्टवेअरच बदलत राहिले. सात वर्षांनी, 2018 मध्ये, प्रकल्प गुंडाळला, आणि तोवर सुमारे 50 कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या होत्या.

सगळ्यात जास्त वेळ आयटम मास्टरला, म्हणजे प्रत्येक मालाचं नाव आणि माप नोंदलेल्या मूळ यादीला द्या. एका कारखान्यात मी एकच बोल्ट पाच नावांनी नोंदलेला पाहिला आहे, खरेदी किलोत आणि वापर नगात. तो कचरा तसाच नव्या सॉफ्टवेअरमध्ये गेला, स्टॉक जुळेना, आणि लोक महिन्याभरात परत एक्सेलवर आले. हे साफ करायला बाहेरचा माणूस कामाचा नाही. जुन्या स्टोअरकीपरला दुसऱ्या कामातून मोकळं करा.

सुरू करण्याची तारीख धंद्याचं कॅलेंडर बघून धरा. अमेरिकेच्या हर्शी या चॉकलेट कंपनीने 1999 मध्ये नवी यंत्रणा जुलैत, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविन सणाच्या ऑर्डरींच्या तोंडावर चालू केली. चॉकलेट गोडाऊनमध्ये होतं, तरी जवळपास 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोहोचल्या नाहीत. आपल्याकडे दिवाळीआधीचे दोन महिने आणि मार्चएंड टाळा.

ट्रेनिंग डिलिव्हरी चलान बनवणाऱ्यालाही द्या, नुसत्या मॅनेजरला नको. सॉफ्टवेअर विकणाऱ्या व्हेंडरचा शेवटचा हप्ता ते सुरू होण्याच्या दिवशी न देता, तीन महिने स्टॉक जुळल्यावर द्यायचा असं करारातच लिहून घ्या. आणि तो पहिला कागद ज्या दिवशी पुन्हा काढायचा, त्या दिवसाची मीटिंग आत्ताच लावून ठेवा.